साधी गाठ

काकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एक गिऱ्हाईक पावशेर साखरेसाठी ताटकळत उभं होतं आणि काकू पुड्यासाठी फाडलेला वर्तमानपत्राचा कागद वाचत होत्या.

"थांब जरा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "खून कोनं केला ते पाहू दे."

वाचून झालं. मग साखर जोखली, पुडा बांधला आणि गिऱ्हाइकाच्या हातात देताना म्हणाल्या, "भाच्यानं केला. बाकीचं घरी वाच."

मी सिंदी मेघेची, म्हणजे वर्ध्याला लागून असलेल्या सिंदीची. नव्वदच्या दशकात मला सिंदी रेल्वे नावाच्या दुसऱ्याच गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. पॅसेंजरच्या वेळा शाळेच्या वेळांशी जुळेनात, म्हणून खोली शोधत शोधत या किराणा दुकानाशी आले होते. दुकानामागे दोन खोल्या रिकाम्या होत्या. काकूंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"शिकवतं काय तू?"

"विज्ञान."

"मंग पाल पाहून किंचाळशील नाई. राह्य."

एवढीच मुलाखत. त्या दिवसापासून मी 'मास्तरीण' झाले. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी वापरलं नाही.

काकूंच्या सासरी कापसाची दलाली होती. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. घराच्या पुढच्या अर्ध्या भागात धाकटे दीर दलालीचं काम बघत. काकू त्यांना भाऊजी म्हणायच्या, म्हणून मीही भाऊजीच म्हणू लागले. उरलेल्या अर्ध्या भागात काकूंनी स्वतःचं दुकान थाटलं होतं. भाऊजी मऊ बोलणारे, सगळ्यांशी जुळवून घेणारे. काकूंचं कुणाशीच जुळत नसे.

त्यांच्याबद्दल गावात पहिली तक्रार असायची ती माजाची. काकू वाकत नसत. कुणापुढेच नाही आणि कशासाठीच नाही. दुकानातल्या फळ्या सगळ्या छातीच्या उंचीवर. डाळ-तांदळाची पोती तेवढी जमिनीवर, पण त्यातून माल काढायचा तो गिऱ्हाइकाने स्वतः, वाकून. काकू उंच स्टुलावर बसून तराजू धरायच्या. सुटे पैसे खाली पडले तर म्हणायच्या, "पडलं तुहं, उचल तू." झाडायला त्यांनी फड्याला बांबू बांधून घेतला होता. देवळात त्या उभ्यानेच हात जोडत. लग्नकार्यात कुणाच्या पाया पडत नसत, म्हणून हळूहळू आमंत्रणंही कमी झाली. भाऊजींची मुलं लहान असताना हात वर करून काकूंकडे धावत यायची. काकू त्यांच्या डोक्यावर थोपटायच्या आणि बाजूला व्हायच्या. एकालाही त्यांनी कडेवर घेतलं नाही. मी आले तेव्हा ती मुलं कॉलेजात होती आणि काकूंशी कामापुरतंच बोलत होती.

दुसरी गोष्ट लोक आवाज खाली आणून सांगत. काकूंच्या अंगात येतं म्हणून.

ते मी पहिल्याच महिन्यात पाहिलं. दुकानात बोलता बोलता त्या थांबल्या. चेहरा खडूसारखा पांढरा पडला. दोन्ही हातांनी डोकं दाबून धरलं, हात लटलट कापत होते, आणि डिसेंबरच्या थंडीत पोलकं घामाने चिंब झालं. गळ्याशी नाडी उडताना मला समोरून दिसत होती. हे सगळं चहा उकळून खाली उतरवावा इतक्याच वेळात आलं आणि ओसरलं. मग त्यांनी टॉवेल ओला करून डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "काय पाहून राह्यली? जाय, शाळेची घंटा झाली."

दवाखान्याचं नाव काढलं की त्या चिडत. गावातल्या एकदोन डॉक्टरांना दाखवून झालं होतं. झटका नसताना तपासलं की सगळं ठीक निघे. एकट्या बाईचं मनावर घेणं असतं, असं सांगून त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. काकूंनी त्या उंदरांच्या बिळात टाकल्या.

एका मंगळवारी झटका आलेला असतानाच एक बाई ओटीचा नारळ घेऊन दुकानात शिरली. मी तेल घ्यायला उभी होते. बाईने नारळ काकूंच्या पायाशी ठेवला, पदर पसरला आणि विचारलं, "माय, पोरीचं लग्न कधी जुळन?"

काकूंचे दात वाजत होते. डोळे मिटलेलेच. तशातही त्यांनी विचारलं, "पोरगी कितवीत हाये?"

"धाव्वीत."

"बारावी होऊ दे. मंग पाहू."

बाई कृतार्थ होऊन गेली. झटका ओसरल्यावर काकू संतापल्या, आणि मग त्यांना हसूही आलं. मला म्हणाल्या, "उचल तो नारळ. फोड. खोबऱ्याची चटणी करू." ती मुलगी पुढे खरंच बारावी झाली.

आमच्या शाळेत एकदा आरोग्य शिबिर भरलं. वर्ध्याहून डॉक्टर आले होते, त्यात एक नुकतीच शिकून बाहेर पडलेली डॉक्टरीण होती. काकू तिथे आल्या त्या तब्येत दाखवायला नाही. शिबिरातला वजनकाटा बरोबर आहे का, हे त्यांना पाहायचं होतं. त्या स्वतः काट्यावर उभ्या राहिल्या आणि "अर्धा किलो खोटा हाये" असं जाहीर करून निघाल्या. त्या डॉक्टरणीने हसत त्यांचा हात धरला. "आल्याच आहात तर रक्तदाब बघू."

रक्तदाब ठीक निघाला. मग तिने काकूंना आमच्या स्टाफरूममधल्या टेबलावर आडवं व्हायला सांगितलं आणि पोट तपासलं. डाव्या बाजूला तिने जरा खोल दाबलं आणि काकूंचा चेहरा पांढरा पडायला लागला. ती मुलगी घाबरली असणार, पण हलली नाही. दंडाला पट्टा बांधलेलाच होता. तिने पुन्हा हवा भरली. पारा चढत चढत अशा ठिकाणी गेला की तिने एकदा पाऱ्याकडे आणि एकदा काकूंकडे पाहिलं.

झटका ओसरल्यावर तिने स्टूल जवळ ओढलं. "डोकं दुखतं, धडधडतं, घाम येतो. तिन्ही एकदमच येतात का?"

"हो."

"कशाने येतं? काही केल्यावर येतं का? वाकल्यावर वगैरे?"

मी पाणी घेऊन उभी होते. "वाकली की येते," काकू म्हणाल्या. "हमेशा नाई. पन येते. म्हून मी वाकतच नाई."

"हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"कोनं इचारलंच नाई."

मी इतके दिवस त्यांच्या घरात राहत होते, तेल-साखर नेत होते, आणि मलाही तो माजच वाटला होता.

मग तपासण्या सुरू झाल्या. दिवसभराची लघवी एका कॅनमध्ये साठवायची होती. काकूंनी कॅन दुकानातच, खोबरेल तेलाच्या डब्यांमागे ठेवला आणि दिवसभर कुणालाही त्या बाजूला फिरकू दिलं नाही. नमुना नागपूरला गेला. नागपूरलाच स्कॅन झाला. आठवड्याभराने वर्ध्याच्या दवाखान्यात आम्ही तिघं सर्जनसमोर बसलो होतो: काकू, भाऊजी आणि मी. ती तरुण डॉक्टरीण मागे उभी होती.

सर्जनने कागदावर मूत्रपिंड काढलं आणि त्यावर टोपीसारखी एक ग्रंथी. अधिवृक्क ग्रंथी. मी ती दरवर्षी शिकवत होते, एका मार्काच्या प्रश्नापुरती. संकटात शरीराला लढायला किंवा पळायला तयार करणारा रस सोडते ती ग्रंथी.

"यांच्या या ग्रंथीत गाठ आहे," सर्जन म्हणाले. "लिंबाएवढी."

"कोन्तं लिंबू?" काकूंनी विचारलं. "कागदी का इडलिंबू?"

सर्जनला क्षणभर कळेना. "मोठं कागदी," ते म्हणाले. "ही गाठ मनात येईल तेव्हा तो रस रक्तात ओतते. समोर वाघ नसताना शरीराला वाटतं, वाघ आला."

"म्हन्जे भेव माह्या डोक्यात नव्हतं."

"नाही. पोटात होतं."

काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. भाऊजींनी मात्र त्यांच्या मनातलं विचारलं. "डाक्टरसाहेब, कॅन्सर हाये का?"

"बहुतेक नसतो," सर्जन म्हणाले. भाऊजींच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. पण सर्जनचं बोलणं संपलेलं नव्हतं. ते सावकाश सांगत राहिले. कॅन्सर नसला तरी गाठ धोक्याचीच आहे. एखाद्या झटक्यात मेंदूची शीर फुटू शकते, हृदय थांबू शकतं. म्हणून काढायलाच हवी. पण काढतानाही, तिला हात लागला की ती सगळा रस एकदम ओतते. त्यामुळे आधी काही आठवडे औषध देऊन शरीर तयार करावं लागेल, घाई करता येणार नाही. आणि शेवटची गोष्ट: काढल्यावर गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहू, पण या जातीची गाठ चांगली की वाईट हे तिथेही खात्रीने सांगता येत नाही. ती पुढे शरीरात दुसरीकडे कुठे उगवली, तरच कळतं की वाईट होती. म्हणून जन्मभर तपासणी.

परतीच्या गाडीत भाऊजी मोकळेपणी बोलत होते. दुसऱ्या दिवसापर्यंत बाजारभर झालं: वहिनीले साधी गाठ हाये, काढली का झालं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तेवढंच ऐकू आलं होतं.

काकूंना सगळं ऐकू आलं होतं. दुपारी गिऱ्हाईक नसताना त्या मला म्हणाल्या, "मास्तरीण, बहुतेक म्हन्जे किती व?"

"म्हणजे बऱ्याच जणांची गाठ चांगलीच निघते."

"आन बाकीच्यायची?"

मग त्या शेंगदाण्यातले खडे निवडत बसल्या.

ऑपरेशनआधीचे आठवडे काकूंनी फार शिस्तीत काढले. औषधाने नाक चोंदायचं, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण डॉक्टरांनी मीठ आणि पाणी भरपूर घ्यायला सांगितलं, याचा त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला होता. इतकी वर्षं डोकं दुखतं म्हटलं की जो तो मीठ कमी करायला सांगे. आता त्या जेवताना लोणच्याच्या दोन-दोन फोडी घेत आणि भाऊजींना दाखवून खात. मंगळवारची ती नारळवाली बाई येऊन म्हणाली, "काकू, कापू नका. देवी कोपन." काकू म्हणाल्या, "देवीले म्हना, दुसरी खोली पाह्य."

ऑपरेशन वर्ध्याला झालं आणि ठरल्यापेक्षा बरंच लांबलं. त्या दिवसांत मी सिंदी मेघेला माझ्या आईकडे राहत होते आणि तिथून डबा घेऊन आले होते. तो डबा कुणी उघडला नाही. भाऊजी दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. "साधी हाये म्हने," ते मला म्हणाले, "मंग येवढा टाइम काऊन लागून राह्यला?" सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांचे कपडे अंगाला चिकटलेले होते. रक्तदाब आधी छताला लागला, गाठ निघाल्याबरोबर तळाला गेला, असं ते म्हणाले. पण काकू आहेत.

घरी आल्यावर काही आठवड्यांनी एका सकाळी मला दुकानातून विचित्र आवाज आला. मी धावत गेले. काकू जमिनीवर ओणव्या होऊन पोत्यांमागे वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या वस्तू ओढून काढत होत्या. गंजलेली वजनं, मेणबत्त्यांचे तुकडे, जुनी नाणी, एक बाळाचं टोपडं. सगळं धुळीने माखलेलं. मला पाहून त्या तशाच ओणव्या राहिल्या. "पाह्य," त्या म्हणाल्या. "काहीच नाई होऊन राह्यलं." आणि तिथेच बसून रडल्या. मी त्यांना रडताना तेवढंच पाहिलं.

पुढची वर्षं काकूंची बरी गेली. चिडणं कमी झालं, हातांची थरथर गेली. बायका नारळ घेऊन यायच्या थांबल्या; काही तर जरा हिरमुसल्या. पण पुड्याचा कागद वाचणं सुटलं नाही, आणि आमच्या हेडमास्तरांना "तुमचं इंग्रजी ऐकलं, डाळ महाग वाटत नाई आता" असं तोंडावर सांगणंही सुटलं नाही. तेवढं गाठीचं नव्हतं. ते काकूंचंच होतं.

मध्यंतरी माझं लग्न झालं. यांची नोकरी बँकेतली, सिंदीतच बदली करून घेतली आणि आम्ही काकूंच्या खोल्यांतच राहिलो. मुलगी झाली. ती रांगायला लागल्यापासून काकूंनी तिला खाली ठेवलं नाही. वाकायचं, उचलायचं, कडेवर घ्यायचं, खाली सोडायचं आणि लगेच पुन्हा उचलायचं. मी म्हणायचे, "काकू, तिला चालू द्या की." त्या म्हणायच्या, "चालन नं. जलमभर चालन." एकदा भाऊजींचा मोठा मुलगा सुट्टीला आला होता. तो दारात उभा राहून काकूंकडे आणि कडेवरच्या पोरीकडे पाहत राहिला. काकूंनाही ते कळलं. त्या म्हणाल्या, "तू आता भारी झाला, बाप्पा." तो हसला आणि आत गेला, पण त्या सुट्टीत रोज दुपारी दुकानात येऊन बसत असे.

दरवर्षी काकू वर्ध्याला तपासणीला जात. भाऊजी म्हणायचे, "आता कायले जातं वहिनी, निघाली नं गाठ." काकू जातच. दरवर्षी काही निघत नसे.

नवं शतक लागून काही वर्षं झाली होती. काकूंची पाठ दुखू लागली. मग एका सकाळी मी त्यांना पाहिलं, आणि न सांगता समजलं. तोच पांढरा चेहरा, तोच घाम. स्कॅनमध्ये पाठीच्या मणक्यांत आणि यकृतात डाग दिसले. डॉक्टर आता दुसरे होते. त्यांनी जुने कागद नीट वाचले आणि सांगितलं की गाठ वाईट होती, हे आता म्हणता येतं.

भाऊजींना ते पटेना. "साधी होती नं, साहेब? तवा काऊन नाई सांगतलं?"

"तेव्हा कुणालाच सांगता आलं नसतं," डॉक्टर म्हणाले.

काकूंनीच दिराची समजूत घातली. "भाऊजी, बहुतेकमंदी मी नाई आली. आता त्याले काय करता."

निघताना डॉक्टरांनी विचारलं, रक्ताचं कुणी आहे का? ही गाठ कधी कधी एका घरात दोघातिघांना असते. बघून घेतलेलं बरं.

काकूंची एक धाकटी बहीण आष्टीला दिली होती, हे मला त्या दिवशी समजलं. इतक्या वर्षांत तिचं नावही निघालं नव्हतं. तिच्या लग्नात काकू तिच्या सासूच्या पाया पडल्या नव्हत्या. भर मांडवात नकार दिला होता. त्यावरून बोलाचाली झाली, आणि त्यानंतर दोघी बहिणींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

पत्र पाठवू, फोन करू, असं मी सुचवलं. काकू म्हणाल्या, "फोनवर कोनी दवाखान्यात जात नाई." पाठीचं दुखणं वाढलं होतं, तरी त्या भाऊजींच्या जीपमध्ये मागच्या सीटवर उशा लावून बसल्या. वर्धा, आर्वी करत आम्ही आष्टीला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. बाजाराचा दिवस होता, जीप बाजारातून सरकत नव्हती. काकू प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटून घेत.

बहिणीने दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. आत ओसरीवर बाजेवर तिची सासू बसली होती, फार म्हातारी, पण नजर साबूत. तिने काकूंना ओळखलं.

"आली का," म्हातारी म्हणाली.

"आली. पाया आताही नाई पडता येत, मामी. तवाही येत नव्हतं. वाकली का जीव जायची पाळी यायची. गाठ होती पोटात."

"मंग तवाच सांगाचं होतं नं, माय," म्हातारी म्हणाली.

"गाठ हाये हे तवा मलेच माहीत नव्हतं."

म्हातारी बाजेवर एका बाजूला सरकली आणि जागा दाखवली. काकू तिच्याशेजारी बसल्या. बहीण अजून दारातच होती. काकूंनी तिला विचारलं, "तुले घाम येते का? एकदम? डोकं दुखते, धडधडते?" ती म्हणाली, "इतक्या वर्सानं आली आन हे इचारून राह्यली?" मग तिला हुंदका आवरेना, आणि चहा तिच्या सुनेने केला.

दुसऱ्याच आठवड्यात बहीण वर्ध्याला आली. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "सध्या काही नाही." आम्ही सगळे सुटलो. काकूंनी मात्र तो शब्द पकडला. "सध्या," त्या हळूच माझ्या कानाशी म्हणाल्या. मग बहिणीचा हात धरून म्हणाल्या, "दरसाल यायचं. कोनी साधं म्हनलं तरी यायचं."

बहीण आष्टीला परत गेलीच नाही, काकूंजवळ राहिली. ती दुकानात बसायची, काकू आतल्या खोलीत पडून भाव सांगायच्या. उन्हाळा लागला. काकू खंगत गेल्या. दुखणं कमी करणारी औषधं चालू होती, बाकी काही करण्यासारखं नव्हतं. रोज सकाळी बहीण चहा घेऊन आत आली की काकूंचा एकच प्रश्न असायचा. "घाम तं नाई आला नं तुले?"

"नाई."

"डोकं?"

"नाई दुखत, बाई."

मग त्या चहा घेत.

मे महिना होता. आमच्याकडे मेमध्ये सकाळीच भिंती तापतात, कूलरचं पाणी कोमट होतं. काकूंच्या शेवटच्या आठवड्यातली एक सकाळ मला दिसते. बहीण स्वयंपाकघरातून निघाली, हातात चहाचा कप. स्टोव्हपुढे उभं राहून ती घामाने निथळत होती. खोलीच्या दाराशी येऊन ती थांबली. कप माझ्या हातात दिला, पदराने कपाळ पुसलं, गळा पुसला, मान पुसली, पदराची कोरडी बाजू शोधून पुन्हा एकदा चेहरा पुसला. मग कप परत घेतला आणि आत गेली.

आतून काकूंचा आवाज आला, फार बारीक. बहिणीने उत्तर दिलं, "नाई."